कुलूप लावलं तर अडते: एका डेटाबेस फाईलच्या मेलचं प्रकरण

मंगळवारी सकाळी पावणेअकराला सरांचा फोन आला. "मॅडम, महिन्याच्या अहवालात आकडा चुकतोय. नोंदवहीत ४३१ नमुने आहेत, अहवाल ४१२ दाखवतोय. उद्या दुपारी बैठक आहे, तिथे हा अहवाल ठेवायचाय. फाईल मेल केलीय, जरा बघता का?"

सर पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या नोंदी सांभाळतात. नमुना कुणी आणला, कुठल्या विहिरीचा किंवा टाकीचा, कधी आला, कुठल्या चाचण्या झाल्या, निकाल काय, हे सगळं मायक्रोसॉफ्ट एक्सेस या प्रोग्राममधल्या एका डेटाबेसमध्ये आहे. फाईल जुन्या वळणाची, एमडीबी. मी त्या डेटाबेसची देखभाल बाहेरून करते, म्हणजे प्रयोगशाळेच्या नेटवर्कमध्ये मला प्रवेश नाही. काही बिघडलं की फाईल माझ्याकडे येते आणि दुरुस्त होऊन परत जाते. हे लिहायला सरांची हरकत नाही. उलट "जसं झालं तसं लिहा" असं त्यांनीच सांगितलं.

मी मेल उघडला. यादीत त्या मेलपुढे क्लिपची खूण होती, पण आत फाईल नव्हती. वर एक ओळ होती: संभाव्य धोकादायक अटॅचमेंट आउटलुकने अडवली आहे, आणि पुढे फाईलचं नाव. सरांना वाटलं पाठवताना काहीतरी राहिलं, म्हणून त्यांनी तोच मेल पुन्हा पाठवायची तयारी केली. मी थांबवलं. राहिलं काहीच नव्हतं. फाईल माझ्या मेलबॉक्समध्ये पोचली होती, आउटलुक ती मला दाखवत नव्हतं एवढंच. पाठवताना सरांनाही त्याने विचारलं होतं, की ही फाईल समोरच्याला कदाचित उघडता येणार नाही, तरी पाठवायची का? सरांनी "हो" दाबलं. घाईत असलेला कुणीही तेच दाबतो.

एमडीबी या यादीत कशी आली

सरांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: "यात व्हायरस कुठून येणार? नुसत्या नोंदी आहेत." इथे मला थोडं थांबून समजवावं लागलं, कारण पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर उभे राहणार होते.

एक्सेसची फाईल म्हणजे नुसता तक्ता नव्हे. तिच्यात टेबलं असतात, तशाच क्वेऱ्या (टेबलांतून हव्या त्या नोंदी निवडणाऱ्या आज्ञा), फॉर्म, अहवाल, मॅक्रो (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची यादी) आणि व्हीबीए या भाषेतला कोडही असतो. ऑटोएक्झेक नावाचा मॅक्रो आत असेल तर फाईल उघडताक्षणी तो आपोआप चालायला लागतो. व्हीबीएतून दुसरा प्रोग्राम सुरू करता येतो, फाईल पुसता येते, मेलही पाठवता येतो. म्हणजे मेलच्या नजरेने पाहिलं तर एमडीबी फाईल ईएक्सईच्या, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेतली आहे.

ही नजर मेल प्रोग्रामांना आली ती २००० सालच्या मे महिन्यात. प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या 'आय लव्ह यू' या किड्याने तेव्हा जगभरच्या कार्यालयांचे मेल ठप्प केले होते. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९९९ मध्ये, वर्डच्या फाईलमधून मेलिसा नावाचा व्हायरस पसरला होता. या दणक्यानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुक ९८ आणि २००० साठी एक सुरक्षा सुधारणा काढली आणि आउटलुक २००२ पासून ती मुळातच आत घातली. ठरावीक एक्स्टेन्शनच्या (फाईलच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांच्या) फाईली वापरणाऱ्याला दाखवायच्याच नाहीत, असा तो नियम. त्या यादीत ईएक्सई, बीएटी, व्हीबीएस यांच्याबरोबर एमडीबी आणि एमडीई (कोड बदलता न येणारी एक्सेस फाईल) याही आहेत. जीमेलची यादी वेगळी आहे. तीत एमडीई आहे, एमडीबी नाही. अमुक फाईल "मेलने जाते" किंवा "जात नाही" असं सरसकट बोलता येत नाही ते यामुळेच. पाठवणाऱ्याचा सर्व्हर, घेणाऱ्याचा सर्व्हर आणि घेणाऱ्याचा मेल प्रोग्राम असे तीन दरवान असतात, आणि तिघांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. फाईल अडली की आधी कुठल्या दरवानाने अडवली हे शोधायचं. आमच्या बाबतीत पहिल्या खेपेला तो तिसरा होता, माझ्याच संगणकावरचा.

तो हटवायची सोय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या भांडारात, आउटलुकच्या सिक्युरिटी या कप्प्यात 'लेव्हल-वन-रिमूव्ह' नावाची नोंद करून तिच्यात एमडीबी लिहिलं, की आउटलुक तशी फाईल दाखवू लागतं आणि आधी डिस्कवर उतरवून घ्यायला लावतं. दोन मिनिटांचं काम. त्या सकाळी मी ते केलं नाही. ती सूट एक्स्टेन्शनला मिळते, माणसाला नाही. सरांची फाईल दिसावी म्हणून दार उघडलं तर उद्या कुणाच्याही नावाने आलेली एमडीबी माझ्यासमोर येणार. मला दर आठवड्याला वेगवेगळ्या ठिकाणांहून डेटाबेस येतात. फसवायचं असेल तर मला फसवायला एमडीबीइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

नाव बदललं, पण बदललं नाही

मग मी सरांना सर्वांना ठाऊक असलेला उपाय सांगितला: फाईलचं एक्स्टेन्शन बदला. 'नमुने.एमडीबी'चं 'नमुने.टीएक्सटी' करा आणि पाठवा, मी इथे परत बदलून घेईन. हा उपाय काही चोरवाट नाही, मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानांवरही तो सांगितलेला आहे.

दहा मिनिटांनी दुसरा मेल आला. पुन्हा क्लिप, पुन्हा तीच ओळ. मात्र अडवलेल्या फाईलचं नाव आता 'नमुने.टीएक्सटी.एमडीबी' होतं.

सरांच्या पडद्यावर त्यांना फक्त 'नमुने.टीएक्सटी' दिसत होतं आणि ते मला शपथेवर सांगत होते की बदललंय. ते खरंच सांगत होते. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतं. सरांनी नाव बदललं ते दिसणाऱ्या भागाचं, खरं शेपूट मागे तसंच राहिलं. मी फोनवर हे ऐकत असताना मला चटकन ते प्रेमपत्र आठवलं. त्या किड्याच्या फाईलचं नावही 'टीएक्सटी.व्हीबीएस' असं संपत होतं. शेवटचा तुकडा लपल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाईल वाटली आणि त्यांनी ती उघडली. ज्या लपवाछपवीने २००० साली लोक फसले, तिनेच आमची सरळ मनाची फाईल अडवून ठेवली होती. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाईलची एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण करणं ही गोष्ट मी आता प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते.

आणि एक. नाव बदलून फाईल बदलत नाही. एमडीबी फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत 'स्टँडर्ड जेट डीबी' ही अक्षरं दिसतात, एसीसीडीबी, म्हणजे एक्सेसची नव्या वळणाची फाईल, असेल तर 'स्टँडर्ड एस डीबी'. नावाकडे न पाहता आतले पहिले बाइट्स वाचणारा फिल्टर ती ओळखतो. एक्स्टेन्शन बदलणं चालतं ते फक्त नाव वाचणाऱ्या दरवानापुढे.

झिप, आणि कुलूप

सर एक्स्टेन्शन दाखवून पुन्हा नाव बदलायला निघाले होते. तोवर मला आपण काय पाठवतोय याचा विचार सुचला. खरं तर तो पावणेअकरालाच सुचायला हवा होता. त्या फाईलमध्ये नमुना आणणाऱ्या शेकडो माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर होते, आणि कुणाच्या विहिरीत काय सापडलं तेही. ती फाईल उघडीवाघडी दोनदा मेलने येऊन गेली होती. मी म्हटलं, आता नुसतं नाव बदलू नका. झिप करा आणि पासवर्ड लावा. पासवर्ड मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

विंडोजमधल्या साध्या 'कॉम्प्रेस'ने झिपला पासवर्ड लावता येत नाही, त्यासाठी सेव्हन-झिपसारखा प्रोग्राम लागतो. तो त्यांच्याकडे होता. एन्क्रिप्शनचा जुना प्रकार कमकुवत आहे म्हणून मी एईएस-२५६ हा मजबूत प्रकार निवडायला सांगितलं. ११ एमबीची फाईल २ एमबीची झाली. एक्सेसच्या फाईली दाबल्या की अशा बसतात. सरांनी पाठवली.

आणि ती त्यांच्याच सर्व्हरने परत केली. कारण असं: जोडलेली फाईल तपासता येत नाही.

या वेळी अडवणारा पहिला दरवान होता, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत काय आहे हे फिल्टरला पाहता येत नाही. आतल्या फाईलची नावं मात्र दिसतात, कारण साध्या झिपमध्ये पासवर्ड मजकूर झाकतो, नावं झाकत नाही. विषारी फाईली पाठवणारेही हीच युक्ती वापरतात: झिपला पासवर्ड लावायचा आणि तो मेलमध्येच लिहून द्यायचा. म्हणून अनेक ठिकाणी असा नियम असतो, की उघडून पाहता आलं नाही तर पुढे जाऊ द्यायचं नाही.

या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. पासवर्ड न लावता झिप पाठवली असती तर ती पोचली असती. आउटलुक स्वतः झिपमध्ये डोकावत नाही. म्हणजे लोकांची माहिती उघडी ठेवली तर फाईल जाते आणि कुलूप लावलं तर अडते. संगणक वाचवणारा नियम आणि माणसांची माहिती वाचवणारा नियम एकमेकांसमोर उभे होते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. अशा वेळी कुठला नियम वाकवायचा हे शोधत बसू नये. रस्ता चुकलाय हे ओळखावं. मला ते ओळखायला दुपारचा एक वाजला.

सर तोवर वैतागले होते. "मॅडम, माझ्या घरच्या मेलवरून पाठवून टाकू का? तिथे कुणी विचारत नाही." मी नाही म्हटलं, आणि ते स्पष्टपणे म्हटलं. घरच्या खात्यात गेलेली फाईल प्रयोगशाळेच्या हाताबाहेर जाते. ती पुसली का, कुठल्या फोनवर उतरली, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. सरांनी एका वाक्यात मान्य केलं. जबाबदारीची सवय असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

फाईल पोचली

त्यांच्याकडे फाईली शेअर करण्याची संस्थेची स्वतःची सोय होती, फक्त ती बाहेरच्या माणसाला कधी दिली नव्हती. सरांनी त्यांच्या आयटीवाल्यांना गाठलं. अडचण "मेल जात नाहीये" अशी न सांगता "लोकांची नावं असलेली फाईल बाहेरच्या एका व्यक्तीला सुरक्षित द्यायची आहे" अशी सांगा, हे मी सुचवलं होतं. त्याने फरक पडला. साडेतीनला फोल्डर तयार होतं: लिंक फक्त माझ्या मेल पत्त्याला, सात दिवसांनी बंद होणारी, पासवर्ड फोनवर.

मोठ्या फाईलला तर हा रस्ता पहिल्यापासूनच धरावा. मेलमध्ये फाईल जशीच्या तशी जात नाही. ती अक्षरांत रूपांतरित होऊन जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. एखाद्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असली, तर २० एमबीची फाईल फुगून २७ च्या आसपास जाते आणि लोक म्हणतात, मर्यादेत असून का अडली.

फाईल उतरवल्यावर ती तीच आहे का हे आम्ही तपासलं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल हा आदेश 'हॅशफाईल' या पर्यायासह, शेवटी एसएचए-२५६ असं लिहून दिला की फाईलचा एसएचए-२५६ ठसा मिळतो, ६४ अक्षरांचा. सरांनी त्यांच्याकडचा काढला, मी माझ्याकडचा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं फोनवर वाचून जुळवली. फाईलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी हा ठसा पार वेगळा येतो. सरांना ही गोष्ट फार आवडली. त्यांच्या कामात बाटलीच्या सीलला जे महत्त्व, ते इथे या अक्षरांना.

फाईल उघडली तर वर लाल पट्टी: स्रोत विश्वासार्ह नाही म्हणून मॅक्रो बंद केले आहेत. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या ऑफिसच्या फाईलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवले जातात, आणि त्यात एक्सेसही आहे. फाईलवर ती बाहेरून आल्याची खूण विंडोज लावतं. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिक केली की ती निघते. मी ती काढली, पण त्यानंतर फाईल पहिल्यांदा शिफ्ट दाबून धरून उघडली. त्याने सुरुवातीचा मॅक्रो चालत नाही आणि आत काय आहे ते शांतपणे पाहता येतं. ओळखीची फाईल असली तरी मी हे करते.

चूक कुठे होती

चूक चार मिनिटांत सापडली. अहवालाच्या क्वेरीत आवक तारखेवर अट होती: महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेच्या 'बिटवीन', म्हणजे दरम्यान. एक्सेस तारीख आणि वेळ मिळून एकच संख्या म्हणून ठेवतं. पूर्णांक म्हणजे दिवस, अपूर्णांक म्हणजे वेळ. नुसतं ३१ तारीख लिहिलं तर त्याचा अर्थ ३१ तारखेचे रात्रीचे बारा, दिवसाची अगदी सुरुवात. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आलेला नमुना त्याच्या पुढे पडतो आणि 'बिटवीन'मधून बाहेर राहतो. आधी त्या रकान्यात आपोआप फक्त तारीख यायची, तेव्हा हे कधी जाणवलं नाही. महिन्याभरापूर्वी कुणीतरी आवक वेळही हवी म्हणून तिथे तारखेबरोबर वेळही भरणारं 'नाऊ' घातलं. तेव्हापासूनच्या पहिल्याच महिनाअखेरीला त्या दिवसाचे १९ नमुने गळाले. ४३१ वजा ४१२. आकडा तंतोतंत जुळला.

उपाय: 'बिटवीन' काढून 'पहिल्या तारखेपासून पुढे आणि शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाच्या आत' अशी अट.

आता हे नीट पाहा. चूक होती एका क्वेरीत. क्वेरी म्हणजे चारपाच ओळींचा मजकूर. ती एसक्यूएल व्ह्यूमध्ये उघडायची, मजकूर निवडायचा, कॉपी करायचा आणि मेलच्या अंगात चिकटवायचा. कुठलाही दरवान तो अडवत नाही आणि त्यात कुणाचंही नाव नसतं. पावणेअकराला मी सरांना एवढंच सांगितलं असतं तर साडेअकराला अहवाल बरोबर आला असता. आम्ही पाच तास फाईल कशी पाठवायची या प्रश्नावर घालवले. फाईल पाठवायची का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. मला वर्षानुवर्षं पूर्ण फाईल घ्यायची सवय होती, आणि सवयीच्या गोष्टीला कुणी कारण विचारत नाही. ही चूक माझी.

तेवीस नोंदी

प्रकरण इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

बुधवारी सकाळी मी दुरुस्त फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि सरांना कळवलं. सर काळजी घेणारे आहेत. डेटाबेस कुणी उघडलेला असताना बदलायचा नाही हे त्यांना माहीत आहे. एमडीबीशेजारी एलडीबी नावाची छोटी कुलूप-फाईल दिसत असेल तर कुणीतरी आत आहे, हे मीच त्यांना कधीतरी शिकवलं होतं. ते थांबले. सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. एलडीबी गेल्यावर माझी फाईल जुन्या फाईलवर ठेवली. विंडोजने विचारलं, बदलायची का? हो.

अर्ध्या तासाने नमुने घेणाऱ्या बाईंनी विचारलं, काल संध्याकाळच्या नोंदी कुठे गेल्या?

माझ्याकडे आलेली फाईल मंगळवारी साडेतीनची होती. त्यानंतर मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी सकाळी मिळून २३ नमुने नोंदले गेले होते, आणि सहा नमुन्यांचे निकालही भरले होते. दुरुस्त फाईल वर ठेवल्यावर ते सगळं गेलं. जुनी फाईल बाजूला ठेवली नव्हती. मी "बदला" म्हटलं होतं, "आधी जुनीची प्रत काढा" म्हटलं नव्हतं. रात्रीच्या बॅकअपमध्ये मंगळवार संध्याकाळ होती, बुधवार सकाळ नव्हती. त्या बॅकअपमधून १४ नोंदी परत मिळाल्या. उरलेल्या नऊ कागदी नोंदवहीतून हाताने भरल्या.

त्यातही एक काटा होता. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला ऑटोनंबर, म्हणजे एक्सेसने आपोआप दिलेला क्रमांक, होता आणि निकालाचं टेबल त्या ऑटोनंबरला बांधलेलं होतं. हाताने परत भरलेल्या नोंदींना पहिल्यापेक्षा वेगळे नंबर मिळणार, म्हणून बॅकअपमधले निकाल आंधळेपणाने आणले असते तर एकाच्या पाण्याचा निकाल दुसऱ्याच्या नावावर बसला असता. पिण्याच्या पाण्याच्या निकालात ही अदलाबदल काय करू शकते, हे सरांना मला सांगावं लागलं नाही. आम्ही सहाही निकाल बाटलीवरच्या नमुना क्रमांकाशी एकेक करून ताडले. तो क्रमांक शून्यांनी सुरू होणारा मजकूर आहे, '००४१७' असा, आणि बाटलीवर, नोंदवहीत आणि डेटाबेसमध्ये एकच असतो. त्या क्रमांकाने वाचवलं. बैठक तीनला होती. अहवाल अडीचला छापून झाला, ४३१ आकड्यासह.

नंतर काय केलं

त्याच आठवड्यात डेटाबेस दोन भागांत तोडला. एक्सेसमध्येच त्याची सोय आहे. टेबलं एका फाईलमध्ये जातात, आणि क्वेऱ्या, फॉर्म, अहवाल, कोड दुसऱ्या फाईलमध्ये राहून त्या टेबलांना जोडले जातात. टेबलांची फाईल आता प्रयोगशाळेबाहेर येत नाही. माझ्याकडे येते ती दुसरी, आणि तिच्यात एकाही माणसाचं नाव नाही. ती बदलून ठेवली तरी एकही नोंद पुसली जात नाही. तीही एमडीबीच असल्याने मेलने अडतेच, म्हणून तीही लिंकनेच येते.

चाचणीसाठी मला टेबलांचा नुसता सांगाडा दिला आहे. इम्पोर्ट करताना 'फक्त रचना' हा पर्याय निवडला की रिकामी टेबलं मिळतात. त्यात मी वीस-पंचवीस बनावट नोंदी भरल्या, त्यातल्या चार मुद्दाम महिन्याच्या शेवटच्या दिवशीच्या.

सरांनी एकदा विचारलं, मग सरळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल) का नको, ती तर कुठेच अडत नाही? आकडे पाठवायचे असतील तर जरूर. पण सीएसव्हीत टेबलांमधली नाती जात नाहीत, क्वेऱ्या जात नाहीत. एक्सेसमधून मजकूर बाहेर काढताना 'अॅडव्हान्स्ड'मध्ये कोड पेज यूटीएफ-८ निवडलं नाही तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि कुणी ती सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडून सेव्ह केली की '००४१७'चं '४१७' होतं. ज्या क्रमांकाने आम्हाला वाचवलं, तोच जातो.

एक काम राहिलं होतं: त्या दोन दिवसांत फाईलच्या किती प्रती झाल्या ते मोजणं. सर आणि मी फोनवर बसून यादी केली. सरांच्या 'सेंट'मध्ये तीन, दोन एमडीबीवाल्या मेलच्या आणि एक परत आलेल्या झिपची. माझ्या इनबॉक्समध्ये दोन, आउटलुकने न दाखवलेल्या पण आत असलेल्या. सरांच्या डेस्कटॉपवर दोन, नाव बदललेली आणि झिप. शेअर फोल्डरमध्ये दोन. माझ्या संगणकावर तीन: उतरवलेली, काम केलेली आणि न छेडता बाजूला ठेवलेली. बारा. एका क्वेरीसाठी शेकडो लोकांच्या नावा-पत्त्यांच्या बारा प्रती. एकेक पुसत गेलो, पुसलेल्याच्या कचरापेटीसकट. शेअर फोल्डर आयटीवाल्यांनी सात दिवस न थांबता बंद केलं. माझ्याकडची शेवटची प्रत पुसताना मी सरांना लाइनवर ठेवलं होतं. यादीतल्या बाराव्या ओळीवर त्यांनी त्यांच्या बाजूने काट मारली आणि म्हणाले, "झालं मॅडम. आता ती क्वेरी मला मेलमध्ये लिहून पाठवा, पुढच्या महिन्यात मीच बघीन."